बोली नाकाला, वजन कोण पाहतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आटपाडी, जत, म्हसवड, लोणंद इथल्या मेंढी बाजारांच्या बातम्या आपल्या पानांवर नेमाने येतात. कुठल्या मेंढ्याला किती बोली लागली, हाच बहुधा मथळा असतो. २०२० च्या अखेरीस आटपाडीत माडग्याळ जातीच्या एका मेंढ्याला ७० लाखांची बोली लागल्याची बातमी तर देशभर गाजली. अशा बातम्यांत मेंढ्याचं राघूसारखं नाक असतं, उंची असते, अंगावरचे तपकिरी ठिपके असतात, मालकाचा फेटाही असतो. त्या मेंढ्याची किती कोकरं झाली आणि ती तीन महिन्यांत किती किलोला पोचली, हा आकडा मात्र सापडत नाही. मटणासाठी पाळायच्या जनावराचा पैदाशीचा नर आपण वजन न विचारता घेतो. या पत्राचं कारण एवढंच आहे.

वजनाच्या नोंदींवरून पैदाशीचा नर निवडण्याचं शास्त्र जगात मांसासाठी पाळलेल्या गाईंवर मोठ्या प्रमाणावर राबवलं गेलं. अमेरिकेतला अँगस या मांसाच्या गाईंचा पैदासकार वळू विकत घेतो तेव्हा त्याच्या हातात एक तक्ता असतो. वासराचं जन्मवजन, दूध तोडतानाचं वजन, वर्षाचं वजन, वितानाचा त्रास अशा एकेका गुणापुढे त्या वळूच्या पिलांकडून किती कमी-जास्त अपेक्षा धरावी हे लिहिलेलं असतं आणि त्या अंदाजावर किती भरवसा ठेवावा हेही. ऑस्ट्रेलियात हीच पद्धत ‘ब्रीडप्लॅन’ या नावाने १९८५ पासून चालू आहे. आपल्या राज्यात २०१५ पासून गाय, वळू आणि बैल यांच्या कत्तलीवर बंदी आहे. तेव्हा खिलारची निवड औत, चाल आणि दूध यांवरच होणार. पण त्या तक्त्यामागचं गणित गाईचं नाही, वारशाचं आहे. ते माडग्याळला आणि दख्खनी मेंढीला जसंच्या तसं लागू पडतं.

आधी खुराकाचं बोलू. यात्रेसाठी तयार केलेल्या मेंढ्याला दूध, मका, शेंगदाण्याची पेंड, भिजवलेला हरभरा असं सगळं मिळालेलं असतं. तो भारदस्त दिसतो, पण त्यातले किलो खुराकाचे किती आणि रक्ताचे किती, हे डोळ्यांना कळत नाही. खुराक लेंडीतून बाहेर पडतो, पिलात उतरत नाही. एकाच कळपात, एकाच चाऱ्यावर वाढलेल्या कोकरांच्या वजनात जो फरक दिसतो, त्यातलासुद्धा साधारण पाव हिस्साच वारशाने पुढे जातो. या हिश्शाला आनुवंशिकता म्हणतात. सहा महिन्यांच्या वजनासाठी ती पाव धरून चालायला हरकत नाही. जुळी देण्याच्या गुणासाठी ती दहाव्या हिश्शाच्या आसपासच भरते.

हिशेब असा. समजा, एका गटातल्या नर कोकरांची सहा महिन्यांची सरासरी २४ किलो आहे आणि आपण निवडलेला नर २८ किलोचा आहे. फरक ४ किलो. त्याचा पाव म्हणजे १ किलो, एवढाच त्याचा वारसा. पिलाला बापाकडून निम्मं मिळतं, म्हणजे प्रत्येक पिलामागे अर्धा किलो. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण त्या मेंढ्याची वर्षात ४० कोकरं जगली तर २० किलो जिवंत वजन वाढलं आणि त्याच्या मुली कळपात राहिल्या की त्यातला वाटा पुढच्या पिढीतही येत राहतो. एक मेंढी वर्षाला एखाद-दुसरं कोकरू देते, मेंढा चाळीस. म्हणून नर निवडतानाची चूक चाळीस पटीने महाग पडते. आणि दुसऱ्याच्या वाड्यावरचा (मेंढपाळाच्या तळावरचा) २८ किलोचा नर आपल्या २४ किलोच्या नरापेक्षा चांगला, असं मात्र समजू नये. त्याला उसाचं वाढं आणि मका मिळाला असेल, आपल्याला माणातलं वाळलेलं कुसळी गवत. तुलना फक्त एका कळपात, एका हंगामात, एका चाऱ्यावर.

नोंदी ठेवायला संगणक लागत नाही. ५० किलोचा लटकता डिजिटल काटा, पोत्याची झोळी, कानातले नंबरी बिल्ले आणि शंभर पानी वही पुरते. काटा बाभळीच्या फांदीला अडकवता येतो. कोकरू जन्मल्यापासून २४ तासांच्या आत त्याला बिल्ला मारायचा, वजन घ्यायचं आणि आईचा नंबर, बापाचा नंबर, तारीख, नर की मादी, एकुलतं की जुळं हे लिहायचं. दुसऱ्या दिवशी कोकरं वाघरीत (जाळीच्या कुंपणात) मिसळली की कुठलं कुणाचं, यावर घरात वाद होतात आणि वही फसते. झोळीचं वजन आधी शून्य करून घ्यावं. पुढची वजनं सकाळी, मेंढरं चरायला सोडण्याआधी, सगळ्यांची एकाच दिवशी घ्यावीत. संध्याकाळी भरल्या पोटी तोललेलं कोकरू सहज दीड-दोन किलो जास्त दाखवतं, आणि ज्याचं पोट मोठं तेच निवडलं जातं.

बापाचा नंबर हीच खरी अडचण. कळपात तीन मेंढे मोकळे सोडले तर कोकराचा बाप कोण हे देवालाच ठाऊक. मेंढीचा माज साधारण १७ दिवसांनी फिरतो, म्हणून मेंढ्यांचे गट पाडून एका गटात एकच नर ३५ दिवस ठेवला तर दोन माज त्यात बसतात. २५ ते ३० मेंढ्यांना एक प्रौढ नर पुरे. मेंढ्याच्या छातीला गेरू तेलात कालवून चोपडला की माजावर आलेल्या मेंढीच्या पाठीवर खूण उमटते. ती तारीख लिहून ठेवायची आणि १५० दिवस पुढे मोजायचे, की वेताचा अंदाज हाती येतो. गेरू दोन दिवसांआड पुन्हा लावावा लागतो. १७ दिवसांनी रंग बदलला तर पहिल्यांदा न फळलेल्या मेंढ्याही कळतात. निम्म्याहून जास्त मेंढ्यांवर दुसरा रंग दिसला तर खोट मेंढ्यात आहे, मेंढ्यांत नव्हे, असं धरून नर बदलावा. (मराठीत नराला मेंढा आणि माद्यांच्या अनेकवचनाला मेंढ्या म्हणतात, त्यामुळे असं वाक्य लिहिताना आमचीही तारांबळ उडते.)

आता तीन महिन्यांच्या वजनाची दुरुस्ती. सगळी कोकरं एकाच दिवशी जन्मत नाहीत, म्हणून सगळ्यांचं वजन नव्वदाव्या दिवसावर आणावं लागतं. तोलाच्या दिवशीच्या वजनातून जन्मवजन वजा करा, वयाच्या दिवसांनी भागा, ९० ने गुणा आणि जन्मवजन परत मिळवा. एक कोकरू जन्मताना ३.२ किलो, ८४ व्या दिवशी १७ किलो. त्याचं उत्तर १८ किलो. दुसरं जन्मताना ३.६ किलो, १०२ व्या दिवशी १९.६ किलो. त्याचं उत्तर १७.७. काट्यावर दुसरं अडीच किलोने जड, पण वाढीत पहिलं सरस. बाजारात उभं केलं तर शंभरातले शंभर जण दुसऱ्यावर हात ठेवतील.

एवढ्यावर थांबून चालत नाही. जुळ्यांना दूध वाटून प्यावं लागतं, म्हणून ती हलकी राहतात. पहिलटकर मेंढीची कोकरंही हलकी असतात. यात जनुकाचा दोष नाही. आपल्याच वहीतून सरासरी काढायची. एकुलत्यांची १८ आणि जुळ्यांची १५ निघाली तर प्रत्येक जुळ्याला ३ किलो मिळवून मग रांग लावायची. पहिलटकरांच्या कोकरांनाही असाच फरक काढून द्यायचा. नर आणि माद्या वेगळ्या रांगेत. ही दुरुस्ती न केल्यास दरवर्षी निवड एकुलत्यांचीच होते आणि जुळी देणाऱ्या मेंढ्यांचा वंश आपण आपल्याच हाताने कळपातून काढतो. सांगली आणि सातारा या आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या बहुतेक कळपांत हेच चाललेलं आहे.

याहूनही मोठं नुकसान दारावर होतं. बकरी ईद जवळ आली की व्यापारी वाड्यावर येतो आणि सगळ्यांत भरलेली, लांबट, रुंद पाठीची नर कोकरं तीन-चार महिन्यांची असतानाच उचलतो. मागे राहिलेल्या किरट्या नरांतलाच एखादा पुढे मेंढ्यांवर चालतो. निवड होते, पण उलटी. व्यापाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याची नजर तयार आहे आणि तो पैसे मोजतो. उपाय एकच: तीन महिन्यांच्या दुरुस्त वजनावर पहिल्या पाचांतले दोन-तीन नर बिल्ला बघून आधी बाजूला काढायचे आणि मगच व्यापाऱ्याला वाघर उघडून द्यायची. राखलेल्या नरांतला एक सहा महिन्यांच्या वजनावर ठरवायचा, उरलेले तेव्हा विकायचे. बाजूला काढतानाच खालचा जबडा आखूड आहे का, दोन्ही अंड उतरलेली, सारखी आणि घट्ट आहेत का, खूर सरळ पडतात का, हे बघून घ्यावं. एक अंड वर अडकलेला नर कितीही वजनाचा असो, खाटकाकडेच जायला हवा, कारण हा दोष वारशाने जातो.

मेंढ्याच्या स्वतःच्या वजनावरून केलेला अंदाज आणि त्याच्या पिलांच्या वजनावरून केलेला अंदाज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आनुवंशिकता पाव धरली तर स्वतःच्या एका वजनावरच्या अंदाजाची अचूकता, एक म्हणजे पूर्ण खात्री मानून, ०.५ येते. दहा पिलांच्या नोंदींवरून ती ०.६३ होते, वीस पिलांवरून ०.७६, चाळीसवरून ०.८५. म्हणून लाखाच्या वर किंमत मागणाऱ्याकडे वीस पिलांची वही मागणं हा काही अपमान नाही. अट एकच, त्या मेंढ्याला मुद्दाम निवडक मेंढ्या दिलेल्या नसाव्यात. लाडक्या नराला सगळ्या दुधाळ मेंढ्या दिल्या तर पिलं आईच्या दुधावर वाढतात आणि नाव बापाचं होतं.

नात्यातल्या पैदाशीबद्दल थोडक्यात. चांगला नर मिळाला की तो पाच-पाच वर्षं ठेवायची सवय आहे. पण त्याच्या मुली वर्षाच्या आतच माजावर येतात. बाप-लेकीच्या पिलात नात्याचं प्रमाण २५ टक्के असतं, एकाच बापाच्या सावत्र बहीण-भावाच्या पिलात साडेबारा. त्यातून जन्मवजन घटतं, मर वाढते आणि लपलेले दोष वर येतात. दीड ते दोन वर्षांनी नर बदलायचा. पाच शेजाऱ्यांनी आपले नर दरसाल एकाच दिशेने पुढच्या वाड्यावर सरकवले तर विकत न घेताही हे जमतं. एकच नर दोन वाड्यांवर चालल्यामुळे त्या दोन कळपांची तुलनाही होऊ लागते, कारण दोन्हीकडे त्याची पिलं हे समान माप मिळतं. ब्रीडप्लॅनमध्ये वेगवेगळ्या गोठ्यांतले वळू एकाच तक्त्यात बसतात ते अशाच सामायिक बापांमुळे. तिथे हे काम गोठित रेताच्या (गोठवलेल्या वीर्याच्या) कांड्या करतात. मेंढीत ती सोय नाही, कारण तिच्या गर्भाशयाच्या मुखातल्या वेड्यावाकड्या कड्यांमधून कांडी आत जात नाही. गोठित रेतासाठी दुर्बिणीने थेट गर्भाशयात रेतन करावं लागतं. ताजं रेत मुखाशी सोडलं तरी बऱ्यापैकी फळतं.

आता जनुकाची खरी तपासणी, आणि ती आपल्या दारातली आहे. सुंदरबनातली गारोल ही लहानशी मेंढी दोन-तीन कोकरं सहज देते. तिच्यातला एकच जनुक, ‘फेक-बी’, हे घडवतो. त्यातला नेमका बदल शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये शोधला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हा जनुक गारोलमधून दख्खनीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. एरवी बहुतेक वेळा एकच कोकरू देणाऱ्या दख्खनीत या जनुकाची एक प्रत आली की सरासरी दीडच्या आसपास जाते. आनुवंशिकता दहावा हिस्सा असलेल्या गुणात निव्वळ निवडीने हे साधायला कित्येक पिढ्या गेल्या असत्या.

हा जनुक नराच्या अंगावर कुठेच दिसत नाही. नाकात नाही, उंचीत नाही. रक्ताचा थेंब कागदी कार्डावर वाळवून प्रयोगशाळेत पाठवायचा. तपासणी आयुष्यात एकदाच, उत्तर बदलत नाही. उत्तर तीनपैकी एक येतं: दोन प्रती, एक प्रत किंवा काहीच नाही. दोन प्रतींचा नर साध्या मेंढ्यांवर लावला तर प्रत्येक कोकरात एक प्रत येणार, पुढे तपासायची गरजच नाही. एक प्रतीचा लावला तर निम्म्यांत. एक प्रतीचा नर आणि एक प्रतीची मेंढी जुळवली तर पाव पिलांत दोन प्रती, निम्म्यांत एक, पावात काहीच नाही. इथेच लोक फसतात. दोन प्रतींच्या मेंढ्या तिळी देऊ लागतात आणि मेंढीला सड दोनच. दोन किलोखाली जन्मलेली कोकरं थंडीत टिकत नाहीत. तेव्हा एक प्रतीच्या मेंढ्या कळपात ठेवायच्या आणि त्यांना बिनप्रतीचा, वाढीवर निवडलेला माडग्याळ नर द्यायचा, की जुळीही मिळतात आणि वाढही.

जुळी नुसत्या जनुकावर जगत नाहीत, हेही सांगायला हवं. गाभणपणाचे शेवटचे सहा आठवडे मेंढीला रोज पाव ते अर्धा किलो दाणा-पेंड हवी. या काळात पोटातली पिलं झपाट्याने वाढतात आणि आईच्या पोटात चाऱ्याला जागा उरत नाही. खुराक तुटला की जुळं पोटात असलेली मेंढी चारा सोडते, मान वळवून बसते आणि दगावते. जन्मल्यावर दोन तासांच्या आत दोन्ही कोकरांना चीक मिळाला पाहिजे, पहिल्या पाजण्यात किलोमागे ५० मिलीच्या हिशेबाने. दुसऱ्याने प्यायलं की नाही, हे पोट चाचपून बघावं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन महिनोन्महिने फिरणाऱ्या वाड्याला रोज दोन कोकरं घोड्यावर वाहून नेणं परवडत नाही. त्यांनी या जनुकाच्या मागे लागू नये. बांधून किंवा अर्धवेळ चारून पाळणाऱ्यांसाठी तो आहे.

आकाराचंही तसंच. सगळ्यांना उंच माडग्याळ हवी. पण ३५ किलोच्या मेंढीपेक्षा ४५ किलोच्या मेंढीला नुसतं जगायलाच सुमारे पाचवा हिस्सा जास्त चारा लागतो. जतच्या पूर्व भागात फेब्रुवारीनंतर हा पाचवा हिस्सा विकत आणावा लागतो. मेंढीचं स्वतःचं वजन आणि तिने दूध तोडेपर्यंत वाढवलेल्या कोकरांचं एकूण वजन असे दोन आकडे शेजारी लिहिले की कोण परवडतं ते कळतं. आणि थोराड नर पहिलटकर लहान मेंढ्यांना दिला तर पिलू अडकतं. बेल्जियन ब्लू गाईत एका जनुकातल्या बिघाडामुळे दुप्पट मांस चढतं, पण वासरू बाहेर काढायला वारंवार पोट फाडावं लागतं. मांस वाढवताना वेताकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, त्याचा हा ढळढळीत नमुना.

जनुक तपासणाऱ्या चिपबद्दल विचारणा वाढली आहे, ती वाशीमच्या कार्यक्रमानंतर. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे पंतप्रधानांच्या हस्ते ‘गौ चिप’ आणि ‘महिष चिप’ यांचं अनावरण झालं. त्या गाई-म्हशींसाठी आहेत, मेंढीसाठी नाहीत. आणि चिप कुठलीही असो, ती हजारो जनावरांच्या प्रत्यक्ष मोजलेल्या नोंदींशी ताडूनच बोलते. नोंदीच नसतील तर ती नातं आणि जातीचं मिश्रण सांगेल, वाढ सांगणार नाही. पुढे-मागे मेंढीची चिप दारात आली तरी आज सुरू केलेली वहीच तिला लागणार आहे.

मागण्या साध्या आहेत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं रांजणी आणि दहिवडी इथे आहेत. तिथून पैदाशीचे नर देताना प्रत्येकासोबत नव्वद दिवसांचं दुरुस्त वजन, त्या गटाची सरासरी, आईने किती वेतांत किती कोकरं वाढवली आणि फेक-बीचं उत्तर असलेलं कार्ड मिळावं. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी दर हंगामात काही वाडे वाटून घेऊन वजनं लिहायला मदत करावी. यात्रा समित्यांनी एकट्या नराऐवजी नर आणि त्याची एकाच महिन्यात जन्मलेली, लॉटरीने काढलेली पाच पिलं असा गट स्पर्धेत उभा करावा आणि पिलांचं वजन मैदानातच, सर्वांसमोर करावं.

आणि आपल्याला विनंती, पुढच्या यात्रेची बातमी छापताना बोलीच्या आकड्याशेजारी एक चौकट ठेवावी: पिलं किती, नव्वद दिवसांचं सरासरी वजन किती. आकडा मिळाला नाही तर चौकट कोरीच छापावी.

आपले,
माणदेशातले काही मेंढी पैदासकार व पशुवैद्यक
आटपाडी, जि. सांगली